टेपचं दुसरं टोक

१

जुनं घर मोजताना एक चोरी सगळेच आर्किटेक्ट करतात. खोल्या आतून मोजायच्या, भिंतींच्या जाड्या दारांतून मोजायच्या आणि सगळ्याची बेरीज करायची. मग सगळी दारं उघडी टाकून पुढच्या उंबरठ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत एक सलग लांब माप घ्यायचं. दोन्ही आकडे जुळायला हवेत, पण जुळत नाहीत. दीडशे-दोनशे वर्षांच्या घरात काटकोन हा प्रकार नसतो. मग जो दोन-चार सेंटिमीटरचा फरक उरतो तो एखाद्या जाड भिंतीत गुपचूप घालून टाकायचा. भिंत बिचारी तोंड उघडत नाही आणि वारसा समितीतलं कोणी उठून मोजायला येत नाही. माझं निम्मं नाव अशा भिंतींवर उभं आहे.

या घरात फरक आला दहा सेंटिमीटरचा. बेरीज अठरा मीटर चाळीस, लांब माप अठरा पन्नास. दहा कुठल्याच भिंतीत मावत नाहीत.

घर अरुंद आणि खोल होतं. पश्चिमेला तोंड, एकामागे एक तीन खोल्या, तिन्ही दारं एका रेषेत. शेवटची खोली बिनखिडकीची, दुपारीही अंधारी. पुढचा दर्शनी भाग, छप्पर आणि लाकूडकाम वारसा यादीत होतं, त्याला हात लावायचा नव्हता. मागची भिंत मात्र कधीतरी नंतर बांधलेली, म्हणून ती फोडून मागच्या अंगणात खोली, न्हाणीघर आणि रॅम्प काढायला समितीने परवानगी दिली होती. वाढीव भाग मूळ घरापेक्षा डोईजड होता कामा नये, नाकापेक्षा मोती जड नको, असं समितीचे अध्यक्ष तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा स्वतःच खूश झाले.

घर एका बाईने घेतलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. तिचा नवरा पाट्या रंगवणारा पेंटर; शिडीवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तो अजून उपचार केंद्रात होता. त्याची एकच अट होती, ती त्याने मला फोनवर सांगितली होती: कोणी ढकलायला नको, आपल्या हाताने चाकं फिरवून अंगणात जाता आलं पाहिजे. रॅम्पच्या टोकाला खुर्ची वळवायला दीड मीटर लागतो. घर अठरा चाळीस असेल तर अंगणात बरोबर दीड मीटर उरत होता. अठरा पन्नास असेल तर खुर्ची अडणार होती.

मी लेझरचं यंत्र उंबरठ्यावर टेकवून पुन्हा बटण दाबलं. अठरा पन्नास. बॅटरी बदलली, लेन्स पुसली, यंत्राला चार शब्द सुनावले. अठरा पन्नास.

२

दहा हा आकडा माझ्या ओळखीचा आहे, तेव्हा ते आधी सांगून टाकते.

माझा नवराही आर्किटेक्ट होता. सत्तावीस वर्षं आम्ही घरं मोजली. टेपचं शून्याचं टोक त्याच्या हातात, वाचायचं टोक माझ्या. त्याची कापडी टेप त्याच्या वडिलांची, चामड्याच्या डबीतली. टोकाची कडी सैल, पहिले आकडे पुसून गेलेले. नवी घे म्हटलं की म्हणायचा, बायको जुनी झाली म्हणून बदलतं का कोणी. मग तो शून्य सोडून दहाच्या खुणेवर अंगठा दाबून धरायचा आणि प्रत्येक मापातून दहा वजा करायचं काम माझ्याकडे. मला तो 'मिलिमीटर' म्हणायचा, माझ्या काटेकोरपणावरून, आणि हीच मिलिमीटर दहा वजा करायला विसरायची. आमच्या झोपायच्या खोलीतलं कपाट मी विसरल्यामुळे दहा सेंटिमीटर जास्तीचं होऊन आलं. ते अजून दारात आडवं येतं. येता-जाता खांद्याला लागतं. यावर तो सत्तावीस वर्षं हसला.

जुन्या घरात हाक मारून ऐकू जात नाही, म्हणून आमच्या खुणा टेपवरच्या होत्या. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे वाचते, हलू नकोस. तीन म्हणजे झालं, सोड.

चार वर्षांपूर्वी हेच घर यादीत घालायचं होतं, तेव्हा त्याची मोजणी आम्हीच केली. शेवटचं राहिलं होतं ते लांब माप. तो मागच्या खोलीत गेला, मी उंबरठ्यावर. टेप ताणली गेली तेवढ्यात त्या वेळचे मालक फाटकाशी आले. मी एक झटका दिला, डबी विटेखाली दाबली आणि त्यांच्याशी चुन्याच्या गिलाव्यावर बोलत बसले. चाळीस मिनिटं. माझा स्वभावच तसा, चुन्याचा विषय निघाला की मला आवरत नाही. परत आले तर टेप ताणलेलीच होती. दोन झटके दिले, पलीकडून नेहमीसारखा ताण आला नाही. रागावला असेल म्हणून हसतच आत गेले.

तो भिंतीला टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन-चार मिनिटांतच झालं असणार. टेप त्याच्या मुठीतून सोडवायला दोघं लागले.

हे मी त्या बाईला सांगितलेलं नव्हतं. हे काम का घेतलंस, असं बहिणीने विचारलं तेव्हा पोट कोणाला चुकलंय म्हणाले. खोटं. मला त्या खोलीत जायला कारण हवं होतं, इतकंच.

३

आमचा कंत्राटदार उंच आणि सडसडीत आहे, बोलतोही सरळ, म्हणून त्याला सगळे ओळंबा म्हणतात. त्याला मी मागच्या खोलीत उभं केलं आणि लेझरचा लाल ठिपका कुठे पडतो ते बघायला सांगितलं. बहुधा भिंतीत एखादं भोक असेल, किरण आत दहा सेंटिमीटर जात असेल. काखेत कळसा असायचा आणि मी गावाला वळसा घालत बसायचे.

"दिसला का?" मी बाहेरून ओरडले.

"नाही."

"नीट बघा."

"मॅडम, भिंत नाकासमोर आहे. चुना फासलेली आहे. डास बसला तरी दिसेल. ठिपका नाही."

"यंत्र अठरा पन्नास दाखवतंय."

"दाखवू दे." मग म्हणाला, "मी बाहेर येतो."

तो आला आणि पायरीवर बसून बराच वेळ चपलेचा पट्टा नीट करत राहिला. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं. मग म्हणाला, खोली लहानच आहे, आत दोघांना अडचण होते. मी म्हटलं, तुम्ही तर एकटेच होतात. तो म्हणाला, तेच म्हणतोय.

मी भूतबित मानत नाही. या धंद्यात मानून चालत नाही. दर तिसऱ्या घराला एखादी गोष्ट चिकटलेली असते आणि ती सांगणाऱ्याला घर स्वस्तात हवं असतं. मी भिंत इंचाइंचाने ठोकून पाहिली. भरीव होती. चुन्यातली ओल किरण शोषून घेत असेल, असं मी त्या दिवशीच्या वहीत लिहिलं. लिहितानाही ते मला पटलेलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी गेले आणि सोबत त्याची टेप नेली. चार वर्षांत ती डबी उघडली नव्हती. चामड्याला त्याच्या खिशातल्या पेन्सिलींचा वास होता. मी तो पोटभर घेतला आणि मग स्वतःलाच म्हटलं, बाई, कामाला लाग.

एकट्याने मोजायची रीत सोपी आहे. मागच्या भिंतीत खिळा ठोकायचा, त्यात कडी अडकवायची आणि टेप सोडत सोडत पुढे यायचं. तसं केलं. उंबरठ्यावर येऊन मी टेप ताणली. ती दोन खोल्यांतून उजेडात गेली आणि तिसऱ्या दारात अंधारात शिरली. खिळ्याला बांधलेली टेप ओढली की निर्जीव लागते, दावं खुंटीला लागतं तशी. ही तशी लागली नाही. माझ्या ओढण्याला पलीकडून बेताचं, समजूतदार उत्तर होतं. झोळ पडू नये इतपतच ताण, उगाच जोर नाही. हे सत्तावीस वर्षं माझ्या मनगटाच्या ओळखीचं होतं.

मी दोन झटके दिले.

टेप तसूभरही हलली नाही. हलू नकोस म्हटल्यावर तो हलायचाच नाही.

आकडा अठरा पन्नास होता. मी टेप गुंडाळत आत गेले तेव्हा ती सैल पडली होती. कडी खिळ्याला नव्हती, खाली फरशीवर होती. दहाच्या खुणेवर पेन्सिलीच्या शिशाचा काळसर ठसा होता, अंगठ्याएवढा. त्याची बोटं कायम शिशाने माखलेली असत. घरातल्या सगळ्या दिव्यांच्या बटणांवर असा डाग असायचा आणि मी घासत बसायचे. तो गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी ती सगळी बटणं पुसली होती. इतका पश्चात्ताप मला दुसऱ्या कशाचा झालेला नाही.

ठसा जुना असेल, हे मला त्या क्षणीही सुचलं. मी बोट लावून पाहिलं. बोटाला काळं लागलं.

५

मग मी एक वाईट गोष्ट केली. त्या बाईला फोन करून सांगितलं की समितीने नकाशे परत पाठवलेत, वेळ लागेल. समिती उंटावरून शेळ्या हाकते हे सगळ्यांना माहीत असल्याने तिने विश्वास ठेवला. नकाशे माझ्या टेबलावर होते. लांब मापाची जागा तेवढी कोरी होती.

रोज दुपारी मी तिथे जायचे. कडी आत ठेवायची, खिळ्यात अडकवायचंही सोडून दिलं होतं, आणि उंबरठ्यावर येऊन टेप ताणायची. ती ताणली जायची. मग मी एक झटका द्यायचे. थांब. आणि टेप हातात घेऊन बसून राहायचे, तास, दीड तास. कधी बोलायचे. बहिणीच्या मुलीचं लग्न मोडल्याचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, गाडी विकल्याचं सांगितलं. हाक ऐकू जात नाही हे माहीत असून सांगितलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटत असेल, ही बाई काम करतेय. मी सुखात होते. चार वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात टेप थरथरू लागली.

आधी वारा वाटला. मग मी बोटांवर नीट तोलून पाहिलं. बारीक, सलग थरथर होती, मध्येच मोठा हिसका आणि मग सावरून घेणं. जड पिशवी फार वेळ धरली की हात भरून येतो आणि आपण हात न बदलता नेट लावून राहतो, तशी. ती रोज वाढत गेली. एक दिवस तिसऱ्या खोलीतून काहीतरी घसटल्याचा आवाज आला, भिंतीला पाठ घासल्यासारखा. तरी मी त्या दिवशीही दीड तास बसले.

६

त्या बाईने मला घरातच गाठलं. मी उंबरठ्यावर टेप घेऊन बसलेली. ती दुकानातून थेट आली होती, हातांना भिंगांची पांढरी भुकटी. मला वाटलं भांडणार. ती पायरीवर टेकली आणि सांगू लागली की उपचार केंद्राने नवऱ्याला सोडलं, घर तयार नाही म्हणून सध्या त्याच्या मित्राकडे हॉलमध्ये राहतात. तिथल्या न्हाणीघराच्या दारातून खुर्ची जात नाही. दिवसातून चार वेळा मित्र आणि त्याचा भाऊ त्याला उचलून नेतात.

"तो आधी विनोद करायचा," ती म्हणाली. "पालखी आली म्हणायचा. आता पाणीच पीत नाही."

"का?"

"उचलावं लागू नये म्हणून."

तिने हातांवरची भुकटी झटकली.

"मॅडम, समितीत कोणाला भेटायचं असेल तर मी भेटते. पाया पडते. त्याला थांब म्हणून म्हणून माझं तोंड दुखायला लागलंय. माणूस किती थांबेल?"

तिने ते समितीबद्दल विचारलं होतं. माझ्या हातातली टेप तेव्हा जोरजोरात थरथरत होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

मी तिला खरं सांगितलं, अर्धंच. समितीची काही चूक नाही, माझं एक माप राहिलंय, आज घेते. चिडायचा तिला पूर्ण हक्क होता. "घ्या," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

७

ती गेली तेव्हा ऊन उतरलं होतं. पश्चिमेच्या घरात एक वेळ अशी येते की सूर्य रस्त्याच्या तोंडाशी खाली येतो आणि उजेड उंबरठा ओलांडून आत आत जातो. मला हे आर्किटेक्ट म्हणून माहीत होतं; रोज मी त्याच्या आधीच उठून जायचे. मुद्दाम. त्या दिवशी उठले नाही.

टेप हातात घट्ट धरली. पहिली खोली उजळली. मग दुसरी. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. चार वर्षांपूर्वी मी एक झटका दिला होता. नंतर दोन. मग टेप इतरांनी त्याच्या मुठीतून ओढून काढली. तीन कोणीच दिले नव्हते. थांब म्हणून सांगितलेला माणूस थांबला होता, आणि गेले तीन आठवडे मी रोज तिथे बसून त्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत होते.

उजेड तिसऱ्या दारातून फरशीवर गेला आणि हळूहळू वर चढला. टेपचं टोक मला दिसलं. कंबरेच्या उंचीवर, दहाच्या खुणेवर अंगठा, पलीकडे उरलेली टेप लोंबत होती. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. तो हात दुसऱ्या हाताने कोपराखाली तोलून धरला होता. खांदा एका बाजूला इतका उतरला होता की तसा खांदा जिवंत माणसाचा उतरत नाही. आणि अंगठा भिंतीच्या रेषेत असला तरी बाकी सगळं भिंत जिथे असायला हवी तिच्या किंचित मागे होतं, वीतभरही नाही. उजेड छातीपर्यंत चढला. आणखी थोडा चढला असता तर चेहरा दिसला असता.

मला तो चेहरा हवा होता. दुसरं काहीही नको, तेवढा हवा होता. आणि त्याच वेळी असंही वाटलं की चार वर्षं अंधारात उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा कसा असेल, आणि आता तो माझ्याकडे कसा बघेल. मी थांबले असते तर आणखी एक मिनिट पुरलं असतं.

मी एक झटका दिला. टेप ताठ झाली. त्या थकलेल्या हातानेही ताठ केली.

दुसरा दिला.

तिसरा द्यायला माझा हात उठेना. मी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "झालं रे. सोड आता."

आणि दिला.

टेप एकदम हलकी झाली. उजेड विझेपर्यंत मी डोळे उघडले नाहीत. मग गुंडाळायला लागले. ती फरशीवरून सरकत आली, मध्ये कुठे अडकली नाही, ओढली गेली नाही. आकडा वाचायचा राहून गेला होता.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंबाला आत उभं केलं. आज तो कुरकुरला नाही. "हा काय, नाकासमोर आहे ठिपका," म्हणाला. यंत्र अठरा चाळीस दाखवत होतं. मी नकाशात आकडा भरला, सही केली आणि नकाशा स्वतः नेऊन समितीत दिला. पुढच्या महिन्यात भिंत फोडली. आत दगड आणि चुना, दुसरं काही नाही. मागच्या खोलीत इतका उजेड आला की ओळंबा म्हणाला, बघा, किती मोठी वाटते आता.

पेंटर घरी आला त्या दिवशी मला बोलावलं होतं. बाईने ढकलायला हात पुढे केला तसा त्याने तो बाजूला केला. आपल्या हाताने चाकं फिरवत तो तिन्ही दारांतून रॅम्पवर गेला, टोकाला वळला. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं उरली. अंगणात जाऊन तो उन्हात नुसता बसून राहिला. नंतर मला विचारलं, इतकं बरोबर कसं जमवलंत? मी म्हटलं, दहा वजा केले.

संध्याकाळी घरी आले आणि बूटसुद्धा न काढता लेझरने आमची झोपायची खोली मोजली. त्याच्या उशाकडच्या भिंतीपासून खिडकीपर्यंत. तीन मीटर साठ. बरोबर माप. घर घेतलं तेव्हाही तीन साठच होतं, वजा केल्यावर. मी पुन्हा बटण दाबलं. तीन साठ. माप बरोबर येण्याचं इतकं दुःख होईल असं कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. अंधार पडेपर्यंत मी मोजत होते.

सुतार म्हणतो, कपाट कापून बरोबर बसवून देतो, एका दिवसाचं काम आहे. मी नको म्हटलं. यंत्र ठेवून चहा टाकायला निघाले, तर दारात कपाटाचा कोपरा नेहमीसारखा खांद्याला लागला.